वरचा थर

सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून
खैरनार भद्रकालीतून कलेजी आणतात,
द्राक्षांच्या भावाच्या पानात गुंडाळलेली,
अजून कोमट.
पुडी सुटली की ती नमुना होते:
दोन ग्रॅम, बर्फावर, खलात.

अठ्ठावीस वर्षं आम्ही ती क्लोरोफॉर्ममध्ये घोटली.
जुन्या वहीत तसंच होतं: दोन भाग ते, एक भाग मिथेनॉल,
मग मिठाचं पाणी, मग वाट बघणं.
पाणी वर यायचं, क्लोरोफॉर्म तळाशी बसायचा
चरबी पोटात घेऊन.
तोटी सोडायची, खालचं घ्यायचं.
बोटांना ते पाढ्यासारखं पाठ.

गोड वास होता त्याला.
गोड म्हणूनच कुणी खिडकी उघडली नाही.
फ्यूम हूडचा पंखा मागच्या कुंभाआधी बिघडला.
मेळा भरला, साधू परतले, तंबूंचे खुंटसुद्धा उपटून झाले,
पंख्याचा अर्ज अजून ऑफिसात आहे.

चारच्या सुमाराला खैरनार पेंगायचे
ओल्या फ्लास्कांच्या रांगेपाशी, हातात ब्रश.
मुलं फळ्यावर लिहायची:
खैरनार झोपले, चार वाजले.
मीही हसले आहे.
हे शोधनिबंधात कुठल्याच रकान्यात बसत नाही,
म्हणून इथे.

जूनमध्ये त्यांची सोनोग्राफी झाली.
रिपोर्ट माझ्याकडेच आणला, मी चरबीची मास्तरीण ना.
यकृत किंचित वाढलेलं, चरबीयुक्त.
कारण लिहिलेलं नव्हतं, डॉक्टर लिहितही नाहीत.
मी म्हटलं, तेलकट कमी करा.
म्हणताना कपाटातल्या बाटलीकडे
बघितलं नाही.

आता इथाइल ॲसिटेट आणलंय. सोबत इथेनॉल,
ज्याच्या परवान्यासाठी एक्साइजच्या साहेबांना
तीनदा समजावलं की हे आम्ही पीत नाही,
बकऱ्याला पाजतो, तेही मेल्यावर.
ते हसले नाहीत. सही केली.

खैरनारांनी दुरूनच हाताने वारा घेत हुंगलं.
"मॅडम, हे तर पिंपळगावला आमच्या भावाच्या शेडमागं
फेकलेल्या मालासारखं. आंबलेलं."
"बरोबर. वाइन नासली की ह्याचाच वास येतो."
"मग नासकंच बरं."

निर्धोक नाही तेही. ठिणगीची वाट बघत असतं.
बर्नर मी शेजारच्या खोलीत हलवला,
खिडक्यांचे गंजलेले अडसर हातोडीनं ठोकून काढले.
कमी वाईट, एवढाच त्याचा मोठेपणा.

पहिल्या दिवशी घोळ मीच घातला.
फनेल हलवलं, थर पडले, तोटी सोडली,
खालचं निगुतीनं गोळा केलं
आणि वरचं टाकायला निघाले.
हे पाण्याहून हलकं, चरबी डोक्यावर घेऊन तरंगतं,
मीच शिकवलं होतं आदल्या दिवशी वर्गात.
खैरनारांनी माझं मनगट धरलं,
इतक्या वर्षांत एकदाच:
"मॅडम, पिवळं वर आहे."

द्रावक उडवला. रिकाम्या फ्लास्कचं वजन वजा केलं.
जुन्या रीतीनं शंभरात चार पूर्णांक सहा,
नव्या रीतीनं चार पूर्णांक तीन.
ते तीन दशांश कुठे गेले, विचारतील परीक्षक.
लिहीन: ऊतीत राहिले.
बकऱ्याचं बकऱ्याकडे.

चार वाजून दहा मिनिटं.
गंगापूर रोडवर थंडी उतरू लागलीय,
उघड्या खिडकीतून आत येतेय, येऊ दे.
खैरनार फ्लास्क उजेडात फिरवून बघतायत
काचेला कुठं तुपकट राहिलंय का,
आणि ओरडतायत कुणावर तरी,
फळ्यावर हे कुणी लिहिलं रे.